न हुंगलेला हार

अमरावतीत देवळाकडे जाणाऱ्या रस्त्यावर हारवाल्यांची एक रांग आहे. तिथल्या एका दुकानावर तीन वर्षं एक फ्लेक्स टांगलेला होता. त्यावर माझ्या आत्याचा, पार्बताबाईचा, भलामोठा फोटो. हात जोडलेले, नाकातोंडावर पांढरं फडकं आवळून बांधलेलं, डोक्यामागे कॉम्प्युटरवर काढलेलं तेजोवलय. खाली लाल अक्षरांत लिहिलेलं: 'श्वासही न लागलेले हार, फक्त आमच्याकडेच.' तो फ्लेक्स बघितला की मला ओकारी यायची. बोलायचं म्हणून बोलत नाही. एकदा खरंच शेजारच्या रसवंतीमागे जाऊन ओकले आणि खापर उसाच्या रसावर फोडलं.

फ्लेक्स लावणारा माझा आतेभाऊ ओमप्रकाश, आत्याचा एकुलता एक. त्याला माणूस म्हणून वाईट म्हणता येत नाही आणि त्याचाच मला जास्त राग येतो. दारू नाही, जुगार नाही, बायकोवर हात उगारणं नाही. पण आईच्या दुखण्याचं त्यानं दुकान मांडलं आणि वर त्याला श्रद्धा असं नाव दिलं. मढ्याच्या टाळूवरचं लोणी खाणं म्हणतात ना, ते यापेक्षा बरं. तिथे निदान माणूस मेलेलं असतं.

हुंगलेलं फूल देवाला वाहत नाहीत, हे आम्हा माळ्यांच्या पोरांना चालायला लागायच्या आत कळतं. पण त्याचा बाऊ कुणी करत नाही. हार गुंफताना बायका गप्पा मारतात, हसतात, एकमेकींच्या सुनांची उणीदुणी काढतात, तंबाखू मळतात. फूल मुद्दाम नाकाशी नेत नाहीत, एवढंच. एखादं पोर हुंगून बसलंच, तर ते फूल बाजूला पडतं आणि कुणाच्या तरी वेणीत जातं. आत्याचं तर ठरलेलं वाक्य होतं, "देवाचं देवाले, पोरीचं पोरीले."

त्या पोरींमधली एक मी. उन्हाळ्याच्या सुट्ट्यांत मी अकोल्याहून वलगावला आत्याकडे यायची. त्यांचं मोगऱ्याचं वावर होतं. पहाटेची तोडणी झाली, हार अमरावतीला रवाना झाले, की उरलेल्या कळ्यांचा गजरा ती माझ्या वेणीत माळायची. मग माझं डोकं दोन्ही हातांत धरून टाळूवर नाक ठेवायची आणि विहिरीतून पाणी ओढावं तसा लांब श्वास घ्यायची. "आता कशी पोट्टी वाटून राहिली!" म्हणायची आणि हसायची. तिचं हसू वावराच्या पल्याड ऐकू जायचं. बाईला वासाचा भारी नाद. नवी मडकी, ओली माती, तान्ही पोरं, सगळं हुंगून बघायची.

सात वर्षांपूर्वी तिचे यजमान वामनराव एका उन्हाळ्यात, भर दुपारी, वावरातच गेले. हृदय बंद पडलं. तेराव्यानंतर आत्या पुन्हा हारांना बसली ती नाकावर पदर धरून. नंतर पदराच्या जागी मलमलीचं फडकं आलं. नवरा गेला, बाई देवाकडे वळली, असं लोक म्हणाले आणि समाधानानं आपापल्या घरी गेले. त्यातच कोरोना आला. सगळ्या जगानंच नाकाला फडकी बांधली, तिथे आत्याचं फडकं कोणाच्या डोळ्यांत येणार? कोरोना गेला, लोकांचे मास्क हनुवटीवर आले, खिशात गेले, नालीत गेले. आत्याचं फडकं मात्र नाकावरच राहिलं.

तोवर फडकंही तिला पुरेनासं झालं होतं. ती श्वास धरायची. चार फुलं ओवायची, मान पाठीमागे वळवून श्वास सोडायची, घ्यायची, परत धरायची. कोणी समोर येऊन बोललं, शिंकलं, नुसतं वाकून बघितलं, की अर्धा झालेला हार टोपल्यात आणि पहिल्यापासून सुरू. पूर्वी जो हार तासाभरात व्हायचा, त्याला आता दुपार व्हायची. टोपलंभर धडधाकट फुलं शेळ्यांपुढे जायची. तिचे ओठ निळसर दिसायचे. एवढं सगळं रस्त्यावर, दिवसाउजेडी, शेकडो लोकांसमोर चालायचं आणि बघणारे हात जोडायचे.

मग कोणीतरी तिचं रील काढलं. 'देवासाठी श्वास रोखणारी आजी.' झालं! बडनेऱ्यापासून परतवाड्यापर्यंतची माणसं हार घ्यायला येऊ लागली. ओमप्रकाशनं फ्लेक्स लावला, दुकानापुढे दोरी बांधली, आत्याला उंच पाटावर बसवलं. लोक तिच्या पाया पडायला वाकायचे. त्यांचा श्वास फुलांवर पडायचा, की आत्या हातातला हार फेकायची, की लोक आणखी भारावायचे. याला काय म्हणावं? बाई बुडत होती आणि काठावरचे टाळ्या वाजवत होते.

मी ओमदादाशी भांडले. तो म्हणाला, "वर्षे, तू मास्तरीण हायस, तुले सारी अंधश्रद्धाच दिसते. मायले कोनं जबरदस्ती केली काय? थे तिच्या मनानं करून राहिली."

हे मात्र खरं होतं. जबरदस्ती कुणीच केली नव्हती.

गेल्या वर्षी पावसाळ्यात ती श्वास धरल्याधरल्या पाटावरून पुढे कोसळली. लोखंडी तिपाईचा कोपरा कपाळात घुसला. टाके पडले. एका मोठ्या दवाखान्यात तिच्या हृदयाच्या, मेंदूच्या, रक्ताच्या सगळ्या तपासण्या झाल्या. काहीही निघालं नाही. "वय झालंय, जपा," एवढं सांगून घरी पाठवलं. मी अकोल्याहून धावत पोचले तर दुकानाच्या पेजवर नवा व्हिडिओ आलेला. रक्ताळलेला हार आणि मागे भजन. मी फोन ओमदादाच्या अंगावर फेकला. त्यानं तो झेलला आणि काच तर फुटली नाही ना, हे आधी बघितलं.

त्याच सुमारास अमरावतीत वृद्धांच्या मानसिक आरोग्याचं एक शिबिर भरलं होतं. म्हटलं, निदान हे तरी करू. मांडवात टॅब घेतलेला एक तरुण बसला होता. त्यानं आत्याला वार विचारला, महिना विचारला, तीन शब्द लक्षात ठेवायला सांगितले. आत्यानं धडाधड सांगितलं. मग त्यानं विचारलं, "आजी, हात पुन्हा पुन्हा धुता का?"

"नाई बाप्पा."

"कुलूप, गॅस परत परत बघता?"

"कायले? घरी सून हाय ना."

"कशाची घाण, किळस वाटते?"

"मातीतल्या मानसाले कायची घान?"

त्यानं टॅबवर टिचक्या मारल्या आणि मला म्हणाला, "मॅडम, आजी एकदम फिट आहेत." मी फडक्याचं सांगितलं, श्वासाचं सांगितलं. तो समजूतदार हसला. "ते धार्मिक आचरण झालं. त्याला आजार नाही म्हणत आपण." एवढ्यात त्यानं आत्याकडे निरखून बघितलं, त्याचे डोळे चमकले. "अरे, तुम्ही त्या रीलवाल्या आजी ना?" आणि तो उठून तिच्या पाया पडला. वर एक सेल्फी. माझ्या मस्तकात अशी तिडीक गेली, की त्याचा टॅब उचलून त्याच्याच टाळक्यात घालावा असं वाटलं. मी शाळेत शिकवते, म्हणून वाचला.

दिवाळीनंतर मी आत्याला अकोल्याला आणलं. डोळे तपासायचे आहेत असं खोटं सांगून आणलं, दुसरा इलाज नव्हता. तिथे एक मनोविकारतज्ज्ञ आहेत, डॉ. तारा. स्वतःच साठीच्या पुढच्या. त्यांच्या टेबलावर ना टॅब ना काही. चहा मागवला आणि सरळ फुलांवर घसरल्या. मोगरा यंदा कसा होता, शेवंतीला भाव कसा, हाराला दोरा कुठला. आत्या फडक्याआडून बोलू लागली.

"तुमच्या सासूबाई कशा गुंफायच्या हार?"

"थ्या?" आत्याच्या डोळ्यांत जरा हसू आलं. "तोंडात तंबाकू अन् जिभेवर गाऱ्हाने. दिवसभर पटपट सुरू."

"फडकं बांधायच्या?"

"नाई."

"श्वास धरायच्या?"

"नाई, बाई."

"त्यांचे हार देवानं घेतले ना?"

"घेतले ना. लय घेतले."

"शेजारच्या दुकानातल्या बायका?"

"थ्या बी नाई करत. मी एकटीच करतो."

डॉक्टरांनी चहाचा कप खाली ठेवला. "आणि समजा, लागलाच तुमचा श्वास फुलाला. मग काय होईल, आजी?"

 आत्या फडक्याची गाठ चाचपत राहिली. मला वाटलं, आता उठते. पण ती फार हळू बोलायला लागली.

"मोगऱ्याचं पयलं फूल होतं वं. मले राह्यवलं नाई. हुंगलं मी. मंग तसंच ओवलं हारात. यायनंच नेला थो हार देवळात, माह्या हातानं देल्ला मी. अन् दुपारी हे गेले." 'हे' म्हणजे वामनराव. नवऱ्याचं नाव ती अजूनही घेत नाही. "देवानं मले सांगतलं. आता घरात थे पोट्टी हाय. माहा श्वास लागला तर थे जाईन."

ती पोट्टी म्हणजे त्रिशा, ओमप्रकाशची मुलगी, वामनराव गेल्यावर जन्मलेली. आत्यानं तिला कधी मांडीवर घेतलं नाही, कधी जवळ निजवलं नाही. तान्ह्या पोरांचं डोकं हुंगणारी ही बाई स्वतःच्या नातीपासून चार हात लांब राहायची. आणि ओमप्रकाशची बायको प्रतीक्षा मला दर वेळी सांगायची, "पोरगी झाली म्हनून राग हाय त्याह्यचा." मी ते खरं मानलं होतं.

डॉक्टर बाहेर येऊन मला म्हणाल्या, "म्हाताऱ्या माणसांना आपण हात धुण्याचं विचारतो, कुलपाचं विचारतो. ती नाही म्हणतात आणि खरंच सांगत असतात. त्यांच्याच घरातली, त्यांच्याच धंद्यातली बाकीची माणसं कशी वागतात, ते विचारायचं. आणि नाही केलं तर काय होईल, ते विचारायचं. हा मंत्रचळ आहे, ओसीडी म्हणतात तो. भक्ती असती तर हार गुंफून तिला बरं वाटलं असतं." मग म्हणाल्या, "गोळ्या देते, सवयी मोडायचे काही अभ्यास देते. पण घरच्यांना सांगा, कौतुक बंद करा. तो फ्लेक्स आधी उतरवा."

सोनारानं कान टोचलेले बरे, म्हणून मी ओमदादाला डॉक्टरांशीच फोनवर बोलायला लावलं. त्यानं 'हो मॅडम, हो मॅडम' केलं. गोळ्या घेऊन आत्या परत घरी गेली. महिना-दीड महिना मी फोनवर विचारत राहिले, तो 'बरं हाय' म्हणत राहिला. जानेवारीत मी न सांगता अमरावतीला गेले. फ्लेक्स जागेवर. आत्या पाटावर, फडकं दुहेरी झालेलं, ओठ निळे. प्रतीक्षानं मला दुकानाच्या मागे नेऊन गोळ्यांची पाकिटं दाखवली. न फोडलेली.

"गोयीनं मायले झोप येते," ओमप्रकाश म्हणाला. "लगनसराई चालू हाय. लोक मायसाठी येतात, वर्षे. मी काय सांगू त्याह्यले?"

"सांग, आई आजारी आहे म्हणून!"

"आजारी म्हनलं तर हार कोन घेईन?"

हे वाक्य त्यानं माझ्या तोंडावर म्हटलं. न लाजता, अगदी साध्या आवाजात. मला त्याची किळस आली. त्या पेढ्यांच्या, उदबत्त्यांच्या वासाची, त्या दोरीमागे हात जोडून उभ्या असलेल्या गर्दीची, सगळ्या सगळ्याची किळस आली. एक बाई तर लेकराला उचलून आत्याचं दर्शन घडवत होती. मी पाटाजवळ गेले आणि आत्याला म्हटलं, "उठ. माझ्या घरी चल."

ती उठेना. मी कानाशी जाऊन म्हटलं, "त्रिशा वाचावी असं वाटतं ना? मग चल. तू इथे नसशील तर तुझा श्वास तिला लागायचा प्रश्नच नाही." डॉक्टरांना हे आवडलं नसतं. पण ती उठली.

अकोल्यातले ते महिने सोपे नव्हते. डॉक्टरांनी दिलेला पहिला अभ्यास, फुलांसमोर नुसतं बसायचं, फडकं सैल करून. आत्या घामानं निथळायची. मग शाळेतल्या पाहुण्यांसाठी झेंडूचे हार, देवासाठी नव्हे, माणसांसाठी. तेही श्वास चालू ठेवून. दोन फुलं ओवली की ती विचारायची, "वर्षे, त्रिशा बरी हाय ना? काई होनार नाई ना तिले?" आणि डॉक्टरांनी मला बजावलेलं, की उत्तर द्यायचं नाही. एकदा 'बरी आहे' म्हटलं की ती दहादा विचारेल, तिच्या भीतीला ते खतपाणीच. आत्या माझ्याकडे डोळे लावून बसायची आणि मी भांडी घासायला उठायची. कधी ती चिडायची. "तुले काय जाते तोंड उघडाले? दगड हायस तू, दगड!" मी नळ मोठा सोडायची. पण हळूहळू विचारणं कमी झालं, फडकं गळ्यात उतरलं. एकदा तिला फोडणीचा वास आला आणि ती म्हणाली, "करपवली वं तू." मला रडू फुटलं.

चैत्रात मोगरा आला तेव्हा तिनं स्वतःहून म्हटलं, "मले वावर पाहू दे. दुकानात जाऊ दे." डॉक्टर हो म्हणाल्या. मी सोबत गेले.

चैत्री नवरात्राचे दिवस होते, रस्ता गच्च भरलेला. आत्या पाटावर न बसता खाली गोणपाटावर बसली, फडकं गळ्यात. ओमप्रकाशचं तोंड पडलं होतं. प्रतीक्षा पुड्या बांधत होती आणि शाळेला सुट्टी म्हणून त्रिशा मागे खोक्यावर बसून पाय हलवत होती. आत्यानं मोगऱ्याचा एक घसघशीत हार पुरा केला. श्वास चालू ठेवून. 

तेवढ्यात भारी साडीतली एक बाई दोरीपाशी आली. हातात फोन. वर फ्लेक्सकडे बघितलं, खाली आत्याकडे बघितलं. "आजी, फडकं कुठे गेलं? बांधा ना, मला व्हिडिओ घ्यायचाय. मैत्रिणींना दाखवायचंय."

"बांध ना वं माय," ओमप्रकाश घाईनं पुढे आला. "मिन्टभर बांध. ताई लय लांबून आल्या."

 मी तोंड उघडलं, पण आत्यानं हात वर करून मला थांबवलं. तिनं गळ्यातलं फडकं सोडलं. क्षणभर वाटलं, बांधते आता. तिनं ते मांडीवर ठेवलं, नुकताच केलेला हार दोन्ही हातांनी उचलला आणि भरल्या रस्त्यावर, सगळ्यांच्या देखत, नाकाशी धरला. श्वास घेतला. तो मध्ये अडखळला, पण तिनं तो पुरता घेतला.

"हुंगलं," ती म्हणाली.

"शी!" ती बाई दोन पावलं मागे सरली आणि शेजारच्या दुकानाकडे वळली. ओमप्रकाश ओरडला, "माय! नासवला ना हार!"

"देवाले नाई चालत," आत्या म्हणाली. "पोरीले चालते."

तिनं हाराची गाठ तोडली. "इकडे ये वं," म्हणून हाक मारली, तशी त्रिशा खोक्यावरून उतरली. पण तिला सवय नव्हती, ती हातभर लांबच थांबली. आत्यानं तिचा दंड धरून तिला जवळ ओढलं, मोगऱ्याचा पट्टा तिच्या आखूड वेणीभोवती गुंडाळला आणि तिचं डोकं दोन्ही हातांत धरून टाळूवर नाक ठेवलं. पुड्या बांधणारी प्रतीक्षा जागच्या जागी उभी राहिली. त्रिशा अवघडून हसली. म्हणाली, "आजी, गुदगुल्या होते."

आत्यानं मान वर केली. कपाळावरच्या टाक्यांच्या वणावर घाम होता, डोळ्यांत भीती होती. तिनं माझ्याकडे बघितलं आणि तोंड उघडलं. ती काय विचारणार हे मला माहीत होतं. सगळ्या अंगाला वाटत होतं, की यावेळी तरी सांगून टाकावं. मी ओठ दाबून उभी राहिले.

तिनं विचारलं नाही. तोंड मिटलं आणि हात पुढे केला.

"सुई दे वं," म्हणाली. "हार अजून बाकी हाय."